सावकाराचे पत्र ते ब्राउझरचे कुलूप

१/ जानेवारी १७६१. उत्तरेतील फौजेची वार्ता येईना, म्हणून नानासाहेब पेशवे स्वतः उत्तरेकडे निघाले होते. नर्मदेच्या परिसरात त्यांना एक कासीद आढळला. त्याच्याजवळचे पत्र सावकारांचे होते आणि औरंगाबादेस जायचे होते. पेशव्यांनी ते फोडले.

२/ ग्रँट डफच्या १८२६ च्या इतिहासग्रंथामुळे ही हकिकत सर्वश्रुत झाली. दोन मोती विरघळले, सत्तावीस मोहोरा गेल्या, रुपया-खुर्द्याची तर गणतीच नाही, असा त्या पत्राचा आशय. मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ, हे पेशव्यांना तत्काळ उमगले. पानिपताची वार्ता ती हीच.

३/ या शोकांतिकेत एक तांत्रिक धडाही आहे. पत्र दोघांचे होते, वाचले तिसऱ्याने. सांकेतिक भाषा होती. पण ज्याला संदर्भ ठाऊक, त्याच्यापुढे ती टिकली नाही.

४/ दुसरे भय मजकुरात फेरफार होण्याचे. म्हणून मराठेशाहीच्या राजपत्रांत आरंभी मुद्रा आणि अखेरीस मोर्तब असे. मुद्रा सांगे, पत्र कोणाचे. मोर्तब सांगे, मजकूर कोठे संपला. 'शिक्कामोर्तब' हा शब्द तेथूनच आला. मात्र शिक्क्याने वाचन थांबत नसे.

५/ आज बुलढाणा जिल्ह्यातील उंद्रीचा शेतकरी मोबाइलवरून बँकेचे संकेतस्थळ उघडतो. त्याचा संदेशही अनेक कासिदांच्या हातांतून जातो: मोबाइलचा मनोरा, सेवा देणारी कंपनी, दूरची यंत्रे. साध्या 'एचटीटीपी' जोडणीत तो उघड्या पोस्टकार्डासारखा असतो.

६/ जुनी अडचण अशी, की गुप्त किल्ली आधी पोहोचवायची कशी? १९७६ मध्ये डिफी आणि हेलमन यांनी उत्तर दिले: कधीही न भेटलेल्या दोघांना, सगळे ऐकत असतानाही, गणिताच्या आधारे सामायिक गुपित ठरवता येते. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांची 'आरएसए' पद्धत आली.

७/ १९९५ मध्ये नेटस्केपने 'एसएसएल' प्रचारात आणले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. १९९९ मध्ये 'टीएलएस' आले, त्याची १.३ ही आवृत्ती २०१८ ची. 'एचटीटीपीएस'मधील अखेरचा 'एस' तो हाच. मजकूर गुप्त राहतो, वाटेत बदलला तर कळते, आणि समोरच्याची ओळख पटते.

८/ ओळख पटवणारी मुद्रा म्हणजे प्रमाणपत्र. पण मुद्राच चुकीच्या हाती गेली तर? जुलै २०१४ मध्ये गूगलने उघड केले, की भारताच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या यंत्रणेतून गूगलच्या नावांची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाली होती. संबंधित प्रमाणपत्रे रद्द करण्यात आली. गणित अभेद्य होते. विश्वासाची साखळी मात्र माणसांचीच होती.

९/ मर्यादाही ध्यानात घ्यावी. कुलूप सांगते, की वाट सुरक्षित आहे. पलीकडचा माणूस सज्जन आहे, असे ते सांगत नाही. भामटाही स्वतःच्या संकेतस्थळासाठी रीतसर प्रमाणपत्र मिळवू शकतो.

१०/ म्हणून कुलपाबरोबर पत्त्यातील नावही अक्षरशः तपासावे. जुने कारकून आधी मुद्रा पाहत, मग मजकूर वाचत. तो क्रम आजही योग्यच आहे.