पायासाठी मातीची स्थळचाचणी (पिंपरी-चिंचवड व चाकण)

हा लेख स्थापत्य अभियांत्रिकीतील मृदाचाचणीविषयी आहे. पिकांसाठी केल्या जाणाऱ्या सुपीकतेच्या तपासणीसाठी पहा: माती परीक्षण.

इमारत, कारखाना, पूल, रस्ता वा यंत्र ज्या जमिनीवर उभे राहणार, त्या जमिनीचे थर, बळकटी, दबण्याची व फुगण्याची प्रवृत्ती आणि भूजलाची पातळी यांचा जागेवरच घेतलेला शोध म्हणजे मातीची स्थळचाचणी होय. ही भूतांत्रिक अभियांत्रिकीची पहिली पायरी आहे. प्रयोगशाळेत येणारा मातीचा नमुना मूठभर असतो आणि तो मूळ जागेतून उपटलेला असतो. त्यामुळे जमीन जशी आहे तशी तपासण्याचे काम जागेवरच करावे लागते. पुणे जिल्ह्यातील पिंपरी-चिंचवड, भोसरी, मोशी व चाकण या औद्योगिक पट्ट्यात या कामाला विशेष महत्त्व आहे, कारण येथे काही पावलांच्या अंतरावर जमिनीची जात बदलते.

जमिनीचे स्वरूप

हा सर्व प्रदेश दख्खनच्या पठाराचा भाग आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे जवळजवळ आडवे थर एकावर एक साचून येथील बेसॉल्ट खडक तयार झाला. त्यात घट्ट, एकसंध काळा पाषाण जसा आहे, तसाच वायूच्या पोकळ्या झिओलाइटसारख्या पांढऱ्या खनिजांनी भरून निघालेला ठिपकेदार खडकही आहे. दोन लाव्हाथरांच्या मध्ये कोठे कोठे विटकरी रंगाचा मऊ थर सापडतो. त्यास 'लाल बोल' म्हणतात. कोरडा असताना तो बऱ्यापैकी टणक भासतो, परंतु उघडा पडून पाणी लागले की विरघळल्यासारखा सुटू लागतो.

खडक झिजून मुरूम होतो आणि मुरूम आणखी झिजून माती होते. वरून खाली जाताना काळी माती, पिवळसर गाळवट माती, मऊ मुरूम, कठीण मुरूम, मऊ खडक व कठीण खडक असा क्रम सामान्यतः आढळतो. पवना, इंद्रायणी व भामा या नद्यांच्या काठांवर गाळाचे थर जाड असतात, तर नद्यांमधील उंचवट्यांवर वितभर मातीखाली मुरूम लागतो. बेसॉल्ट झिजताना कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे सोलला जातो व मध्ये टणक गोटा शिल्लक राहतो. मुरमात दडलेले असे गोटे पुढे बोअर घेणाऱ्यास हमखास फसवतात.

मराठी ग्रामव्यवस्थेत गावाच्या जमिनीचे 'काळी' आणि 'पांढरी' असे दोन भाग मानले जात. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. घरे शक्यतो काळीवर बांधली जात नसत. हा संकेत प्रामुख्याने शेतजमीन राखण्यासाठी होता, तरी पायाच्या दृष्टीनेही तो हिताचा ठरला. पांढरीची माती मात्र निर्धोक म्हणता येत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, पडलेल्या भिंती व शेणमाती यांचा तो मानवनिर्मित थर आहे, आणि जुन्या गावठाणात बहुमजली इमारत उभारताना त्याची स्वतंत्र तपासणी करावी लागते.

पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली. त्यानंतर येथील उद्योगांचा विस्तार प्रथम भोसरी-चिंचवडकडे व १९९० च्या दशकाअखेरीपासून चाकणकडे होत गेला. या विस्ताराने काळी आणि माळ दोन्ही व्यापले.

चाकणच्या संग्रामदुर्ग या भुईकोटाचा इतिहासही जमिनीच्या जातीशी जोडलेला आहे. १६६० मध्ये शायिस्तेखानाने घातलेल्या वेढ्यात फिरंगोजी नरसाळा यांनी सुमारे दोन महिने हा किल्ला लढवला. अखेरीस मोगलांनी जमिनीखालून भुयार नेऊन एका बुरुजाखाली सुरुंग उडवला. कातळावरील डोंगरी किल्ल्याच्या बाबतीत हे काम इतके सुकर झाले नसते.

खड्डे आणि बोअर

पाहणीची सुरुवात जागेवर हिंडून होते. शेजारच्या विहिरीची कड, नाल्याची दरड आणि जवळच्या बांधकामाचा उघडा पाया यांवरून थरांचा पहिला अंदाज बांधता येतो. त्यानंतर दोन-तीन मीटर खोल चाचणी-खड्डे घेतात. खड्ड्यात थर डोळ्यांनी दिसतो, हे त्याचे मोठे बळ आहे. मात्र आधार न दिलेल्या खोल खड्ड्यात उतरणे जिवावर बेतू शकते. पावसाळ्यात काळ्या मातीची कड कोसळण्यापूर्वी फारशी सूचना देत नाही.

आयएस १८९२ या भारतीय मानकाच्या १९७९ च्या आवृत्तीत सुमारे ०.४ हेक्टरच्या आटोपशीर जागेसाठी चार कोपऱ्यांवर चार व मध्यभागी एक असे बोअर वा खड्डे पुरेसे मानले आहेत. लहान इमारतीसाठी मध्यभागी एकही चालतो. ही सवलत नदीकाठच्या गाळात किंवा बुजवलेल्या नाल्यावर धोक्याची आहे. ज्या भागात दगडखाणी होत्या, तेथे तर भूखंडाचा अर्धा भाग कातळावर व अर्धा भाग राडारोड्याने भरलेल्या जुन्या खाणीवर असू शकतो. मध्यभागीचा एक बोअर यांपैकी एकच अर्धा दाखवील.

मातीची पहिली ओळख हाताने होते. ओली माती तळहातावर ठेवून हात हलवला असता पृष्ठभागावर पाणी चमकले, तर ती गाळवट आहे. माती वळून दोऱ्यासारखी बारीक वळी निघाली, तर ती चिकण आहे. वाळलेला ढेकूळ बोटांनी फुटतो की नाही, यावरून चिकटपणाचा अंदाज येतो. आयएस १४९८ (१९७०) या वर्गीकरणाच्या मानकात या साध्या परीक्षांनाही स्थान आहे.

प्रमाणित प्रवेशचाचणी

साइटवर 'एसपीटी' या नावाने ओळखली जाणारी ही चाचणी भारतात सर्वाधिक वापरली जाते. १९०२ मध्ये चार्ल्स गो यांनी अमेरिकेत नळी ठोकून नमुना काढण्याची रीत सुरू केली. पुढे कार्ल टेर्झागी व राल्फ पेक यांच्या १९४८ च्या ग्रंथामुळे ती सर्वत्र रुळली. भारतात ती आयएस २१३१ (१९८१) नुसार केली जाते.

बोअरच्या तळाशी उभी दुभंगणारी एक जाड नळी ठेवतात. तिचा बाहेरील व्यास ५०.८ मिमी असतो. ६३.५ किलोग्रॅमचा हातोडा ७५ सेंमी उंचीवरून पुनःपुन्हा मुक्तपणे सोडतात आणि नळी ४५ सेंमी आत जाईपर्यंत दर १५ सेंमीचे ठोके मोजतात. पहिल्या १५ सेंमीतील माती बोअर घेताना ढवळली गेलेली असल्याने ते ठोके सोडून देतात. उरलेल्या ३० सेंमीच्या ठोक्यांची बेरीज म्हणजे 'एन' मूल्य. ठोके ६, ९ व १२ असे पडले, तर एन २१ होते. नळी उघडली की आतील मातीही पाहावयास मिळते.

कृती सोपी दिसते, परंतु चुकीस जागा पुष्कळ आहे. हातोडा दोराने कप्पीवरून ओढून सोडत असल्यास दोराचे वेढे, कामगाराचा थकवा आणि उंचीचा अदमास या सर्वांचा परिणाम आकड्यावर होतो. हातोडा पूर्ण उंचीवरून न पडल्यास ठोके वाढतात आणि जमीन आहे त्यापेक्षा बळकट भासते. ही चूक धोक्याच्या बाजूची आहे. नियत उंचीवर आपोआप सुटणारा हातोडा म्हणूनच अधिक विश्वासार्ह होय. बोअरमध्ये तळाचा गाळ न काढता चाचणी घेणे हाही नेहमीचा दोष आहे.

मुरमात या चाचणीची मर्यादा लवकर येते. नळीच्या तोंडाशी खडा अडकला की ठोके एकदम वाढतात. कठीण मुरमात तर नळी जेमतेम काही सेंटिमीटर सरकून थांबते. यास साइटवर 'रिफ्यूजल' म्हणतात. रिफ्यूजल म्हणजे खडक नव्हे. तो वर सांगितलेला गोटाही असू शकतो, आणि गोट्याखाली पुन्हा मऊ मुरूम लागतो. तेथून पुढे हिरकणीच्या बिटाने काही मीटर खडक कापून पाहिल्याशिवाय 'कठीण खडक लागला' असे नोंदवणे योग्य नाही.

खडकाचा गाभा

कापलेला दंडगोलाकार गाभा खोलीच्या क्रमाने लाकडी वा पत्र्याच्या पेटीत मांडून ठेवतात. एका फेरीत जितके कापले, त्याच्या किती टक्के गाभा हाती आला हे पहिले माप. १० सेंमी वा त्याहून लांब तुकड्यांची बेरीज एकूण लांबीच्या किती टक्के भरते हे दुसरे माप, ज्यास 'आरक्यूडी' म्हणतात. ही कल्पना १९६० च्या दशकात डॉन डीअर यांनी मांडली. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. गाभ्यात जे आले नाही, तेच बहुधा महत्त्वाचे असते. लाल बोलाचा पातळ थर पाण्याबरोबर धुऊन जातो आणि पेटीत रिकामी जागा उरते. परतणाऱ्या पाण्याचा रंग एकाएकी तांबडा झाला, तर खणणाऱ्याने तशी खोलीसह नोंद करावयास हवी. महाराष्ट्रातील खडकांच्या अशा लहरींचा अभ्यास पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रा. रा. भा. गुप्ते यांनी केला आणि त्यांचे अभियांत्रिकी भूविज्ञानावरील पाठ्यपुस्तक विद्यार्थ्यांच्या परिचयाचे आहे.

काळ्या मातीचे फुगणे

काळ्या मातीतील माँटमोरिलोनाइट गटाचे खनिज पाणी शोषून फुगते व वाळल्यावर आक्रसते. वैशाखात पडलेल्या तिच्या भेगा पहिल्या पावसांत मिटतात. या दरवर्षीच्या हालचालीने हलक्या बांधकामाचे अधिक नुकसान होते. बहुमजली इमारतीचे ओझे माती दाबून धरते, पण कुंपणाची भिंत, एकमजली घर आणि कारखान्याची फरशी वर उचलली जाते. त्यामुळे 'लहानच तर बांधायचे आहे' हे चाचणी टाळण्याचे कारण येथे लागू पडत नाही.

मुक्त फुगवटा निर्देशांक ही तपासणी साइटवरील छोट्या खोलीतही करता येते. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली सुकी माती १०-१० ग्रॅम घेऊन दोन मोजपात्रांत टाकतात. एकात ऊर्ध्वपातित पाणी, दुसऱ्यात रॉकेल. रॉकेलमध्ये चिकणमाती फुगत नाही. साधारण २४ तासांनंतर रॉकेलमधील माती १० मिलिलिटर व पाण्यातील २२ मिलिलिटर भरली, तर निर्देशांक १२० टक्के झाला. आयएस १४९८ च्या तक्त्यात ५० पेक्षा कमी म्हणजे अल्प, ५० ते १०० मध्यम, १०० ते २०० जास्त आणि त्यापुढे अतिशय जास्त फुगवटा मानला आहे.

उपाय म्हणून काळी माती काढून पाया मुरमात नेतात, अथवा रुंद तळाच्या स्तंभिका वापरतात. मुंबईच्या आयआयटीतील प्रा. आर. के. काट्टी यांनी न फुगणाऱ्या पण चिकट अशा मातीचा थर मध्ये घालून फुगवटा आवरता येतो, हे संशोधनाने दाखवले. योग्य प्रतीचा मुरूम या थरासाठी उपयोगी पडतो.

भूजल

बोअर पाण्याच्या माऱ्याने घेतला असल्यास आत दिसणारे पाणी जमिनीचे नसते. ते उपसून किमान एक दिवस थांबून पातळी मोजतात. मे महिन्यात कोरडा आढळलेला खड्डा ऑगस्टमध्ये काठोकाठ भरू शकतो. अहवालात पातळीबरोबर तारीख असणे म्हणूनच अत्यावश्यक आहे.

भराव आणि पट्टचाचणी

चाकणच्या उतारावरील भूखंड सपाट करताना वरची बाजू खणून तोच मुरूम खालच्या बाजूस पसरवतात. मोठी शेड मग अर्धी मूळ मुरमावर, अर्धी भरावावर येते व दोन्हींचे दबणे सारखे नसते. भराव थराथराने पसरून, पाणी मारून, रोलरने दाबावा लागतो आणि प्रत्येक थराची घनता तपासावी लागते. चिकणमातीत त्यासाठी ठरावीक मापाची नळी ठोकून नमुना काढतात. खडेमिश्रित मुरमात ती नळी चालत नाही. तेथे लहान खड्डा करून निघालेला मुरूम तोलतात, खड्डा मोजलेल्या वाळूने भरतात आणि वाळूवरून आकारमान काढतात. आलेली कोरडी घनता प्रॉक्टर चाचणीतील कमाल घनतेशी ताडून पाहतात.

पट्टचाचणीत ३० ते ७५ सेंमी बाजूची पोलादी पट्टी पायाच्या पातळीवर ठेवून टप्प्याटप्प्याने भार वाढवतात व दबणे मोजतात (आयएस १८८८, १९८२). मालकांचा या चाचणीवर मोठा विश्वास असतो, कारण भार प्रत्यक्ष दिसतो. परंतु पट्टीचा प्रभाव तिच्या रुंदीच्या साधारण दुप्पट खोलीपर्यंतच पोहोचतो. ३० सेंमीची पट्टी ६० सेंमीखालील माती पाहत नाही. मीटरभर चांगल्या भरावाखाली मऊ काळी माती असेल, तर पट्टी उत्तम निकाल देईल व तीन मीटर रुंद पाया खचेल.

प्रेस व फोर्जिंगच्या हातोड्यांच्या पायासाठी स्थिर भाराची माहिती अपुरी पडते. त्यासाठी आयएस ५२४९ नुसार १.५ × ०.७५ × ०.७० मीटरचा काँक्रीटचा ठोकळा ओतून त्यास कंप देतात आणि जमिनीचे गतिक गुणधर्म काढतात. मऊ चिकणमातीसाठीची पाती फिरवण्याची चाचणी येथे क्वचितच लागते. तिचे खरे क्षेत्र मुंबई-उरण किनाऱ्यावरील खाडीचा गाळ होय. स्थिर शंकूचाचणीही मुरमाशी थांबते.

नमुने व नोंदी

पातळ नळीने काढलेल्या अविचलित नमुन्याची दोन्ही तोंडे जागेवरच मेणाने बंद करतात. उन्हात ठेवलेला नमुना प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत वाळून कडक होतो आणि त्याचे बळ वाढलेले दिसते. प्रत्येक बोअरच्या नोंदपत्रकात जागा, तारीख, थरांची खोली, एन मूल्ये, गाभ्याचे प्रमाण, पाण्याची पातळी आणि बोअरच्या तोंडाची समुद्रसपाटीपासूनची वा पक्क्या खुणेपासूनची उंची लिहितात. शेवटची नोंद अनेकदा राहून जाते. जमीन सपाट करताना दोन मीटर खणल्यावर 'तीन मीटर खोलीवर मुरूम' या वाक्यातील तीन मीटर कोठून मोजावयाचे, हे मग कोणासही सांगता येत नाही आणि बोअर पुन्हा घ्यावे लागतात.