शब्दांत राहून गेलेले जुने समज

शास्त्रीय शब्दाची फोड केली की त्याचा अर्थ कळतो, असे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. पुष्कळदा ते खरेही असते. ‘थर्मामीटर’ या शब्दात ग्रीक ‘थर्मॉस’ म्हणजे उष्ण आणि ‘मेट्रॉन’ म्हणजे माप. त्यावरून तापमापकाचा बोध सहज होतो. परंतु काही शब्दांची फोड वाचकाला चुकीच्या दिशेने नेते. नाव ठेवले गेले त्या काळचे ज्ञानच अपुरे होते, हे त्याचे कारण.

‘ऑक्सिजन’ या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थ ‘आम्ल निर्माण करणारा’ असा आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए यांनी हे नाव दिले, तेव्हा प्रत्येक आम्लात हा वायू असतोच, अशी त्यांची धारणा होती. पुढे १८१०च्या सुमारास हम्फ्री डेव्ही यांच्या संशोधनाने ती खोडून काढली. हायड्रोक्लोरिक आम्लात हायड्रोजन व क्लोरीन असतात, ऑक्सिजन मुळीच नसतो. नाव मात्र तोवर रुळले होते. मराठीतील ‘प्राणवायू’ या शब्दाने आम्लाची वाट सोडून श्वसनाशी असलेले नाते टिपले आहे.

‘मलेरिया’ हा शब्द इटालियन भाषेतला. त्याचा अर्थ ‘दूषित हवा’. दलदलीच्या कुबट हवेमुळे हा ताप येतो, असे शतकानुशतके मानले जाई. १८८० मध्ये लाव्हेरां यांना अल्जीरियात रुग्णाच्या रक्तात या रोगाचा परजीवी आढळला. १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांनी तो डासाच्या शरीरात पाहिला. हवा निर्दोष ठरली, तरी नाव बदलले नाही. आपला ‘हिवताप’ कारणाविषयी काहीच सांगत नाही. थंडी वाजून येणारे लक्षण तेवढे सांगतो, म्हणून तो चुकतही नाही.

त्रिकोणमितीतील ‘साइन’ची कथा निराळी आहे. येथे चूक भाषांतराची. संस्कृत गणितातील ‘ज्या’ अथवा ‘जीवा’ म्हणजे धनुष्याची दोरी. अरबी ग्रंथांत ‘जीवा’चे ‘जीब’ झाले. स्वरचिन्हांवाचून लिहिलेला तो शब्द पुढे ‘जैब’ असा वाचला गेला. ‘जैब’ म्हणजे वस्त्राचा गळा, खिसा. हिंदीतील ‘जेब’ त्यातूनच आला. बाराव्या शतकात लॅटिन भाषांतरकारांनी त्यासाठी ‘सायनस’, म्हणजे घडी किंवा खोलगट वळण, हा शब्द योजला. त्याचेच इंग्रजीत ‘साइन’ झाले.

तात्पर्य, व्युत्पत्ती शब्दाचा इतिहास सांगते. त्याचा आजचा अर्थ ठरतो तो व्याख्येवरून. विद्यार्थ्यांना शब्दाची फोड अवश्य सांगावी, पण तिच्याजवळ व्याख्याही ठेवावी. दोहोंत अंतर दिसले, तर त्या विषयातील ज्ञान कोणत्या वाटेने पुढे गेले, हेही त्यांना त्याच धड्यात कळेल.