‘मिझार’ कशामुळे कोसळली?

11 सप्टेंबर 1973 रोजी कॅलिफोर्नियात ‘मिझार’ ही उडती मोटार चाचणीत कोसळली. तिचे जनक हेन्री स्मोलिन्स्की आणि हॅरोल्ड ब्लेक दोघेही ठार झाले. तेव्हापासूनचा पूर्वपक्ष असा : मोटार आणि विमान यांची मोट बांधताच येत नाही, तो नादच त्यांच्या जिवावर उठला. फोर्ड पिंटोच्या पाठीवर सेस्ना स्कायमास्टरचे पंख, शेपूट आणि मागचे इंजिन चढवलेले छायाचित्र पाहिले की हे पटतेही. तरी ते खरे नाही. मुळात कल्पनाच अशक्य असती, तर मोल्टन टेलर यांच्या ‘एअरोकार’ला 1956 मध्ये अमेरिकी सरकारचे उड्डाण-प्रमाणपत्र मिळाले नसते.

दोष शोधायचा तो स्ट्रटपाशी. स्कायमास्टरच्या उंचावरच्या पंखाला हा तिरका दांडा खालून धरतो. विमान जमिनीवर असताना तो दाबला जातो. हवेत पंख वर उचलला जाऊ लागला की तोच ताणला जातो. ही ओढ सोसण्यासाठी विमानाच्या सांगाड्यात भक्कम जागा केलेली असते. मिझारमध्ये दांड्याचे खालचे टोक पिंटोच्या बॉडीला जोडले होते, आणि माणसे व इंधन न धरताच यंत्राचे वजन स्कायमास्टरच्या प्रमाणित मर्यादेपलीकडे गेले होते. चौकशीत सदोष वेल्डिंगही आढळले.

याची सूचना आधीच मिळाली होती. 26 ऑगस्टला कॅमरिलोहून उडताच उजव्या स्ट्रटचा हाच जोड निकामी झाला. वळताना पंखावरचा भार वाढतो, म्हणून चाचणी-वैमानिकाने वळण टाळले, यंत्र सरळ समोरच्या शेतात उतरवले आणि मोटारीसारखे चालवत विमानतळावर परत आणले. सोळा दिवसांनी स्मोलिन्स्की स्वतः उडाले. उजवा स्ट्रटच पुन्हा सुटला.

‘नव्या यंत्रात बळी जायचेच’ असे म्हणणारे राइट बंधूंचा दाखला देतात. 1908 मध्ये फोर्ट मायर येथे त्यांच्या विमानात लेफ्टनंट सेल्फ्रिज दगावले, हे खरे. पण फुटलेल्या पंख्याने सुकाणूची तार कशी ओढली गेली, हे त्या बंधूंनी शोधून काढले आणि पुढच्या वर्षी सुधारलेले यंत्र घेऊनच ते परतले. मिझारचा जोड तर हवेत न जाताही तपासता आला असता. पंखांवर वाळूच्या गोण्या रचून उड्डाणाइतका भार देण्याची रीत विमान-अभियंत्यांना तेव्हा चांगली ठाऊक होती.