फुटीचं साल शोधताना: अंत्युखियातले ज्यू आणि ख्रिस्ती

पीएचडीच्या माझ्या पहिल्या प्रस्तावात मुख्य प्रश्न असा होता: ख्रिस्ती धर्म ज्यू धर्मापासून नेमका कधी वेगळा झाला? मला तो नेटका प्रश्न वाटत होता. मार्गदर्शकांनी कागद वाचला आणि एवढंच विचारलं, "कोणासाठी?" मला उत्तर सुचलं नाही. तुम्हीही संशोधनाच्या तयारीत असाल, तर माझा हा प्रश्न कसा मोडला ते सांगते.

नेहमीची उत्तरं तुम्हाला माहीत असतील. इ.स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर पाडलं, तेव्हा. किंवा १३२ ते १३५ च्या बार कोखबाच्या बंडानंतर. किंवा ३२५ ला निकाईयाच्या परिषदेत ईस्टरची तारीख ज्यूंच्या पंचांगापासून सोडवून घेतली, तेव्हा. तिन्ही घटना मोठ्या आहेत, पण त्यांपैकी एकही 'त्या दिवसापासून वेगळे' असं म्हणण्याइतकी पुरेशी नाही.

मुळात येशू हा गालिलातला ज्यू. तो सभास्थानात जायचा, वल्हांडण पाळायचा, आणि त्याचा धर्मग्रंथ म्हणजे ज्यूंचाच धर्मग्रंथ. 'ख्रिस्त' हे आडनाव नव्हे, 'मशीहा' म्हणजे अभिषिक्त या हिब्रू शब्दाचं ते ग्रीक भाषांतर. पौलाच्या पत्रांत 'ख्रिस्ती' हा शब्द एकदाही येत नाही. (मला हे कळलं तेव्हा मी शब्दसूची दोनदा तपासली होती.) दुसरीकडे, आज आपण ज्याला ज्यू धर्म म्हणतो तो रब्बींचा धर्मही मंदिर गेल्यानंतरच आकाराला आला. म्हणून अॅलन सीगल यांनी १९८६ च्या आपल्या पुस्तकात आई आणि मुलगी ही जुनी उपमा सोडून दोघांना रिबेकाची जुळी मुलं म्हटलं.

मग मी काय केलं? साल सोडलं आणि शहर धरलं. अंत्युखिया. इंग्रजी पुस्तकांत ज्याला अँटिऑक म्हणतात ते सीरियातलं मोठं रोमन शहर, आज तुर्कस्तानातलं अंताक्या. 'प्रेषितांची कृत्ये' म्हणतं की शिष्यांना 'ख्रिस्ती' हे नाव पहिल्यांदा इथेच मिळालं. इथेच पौल आणि पेत्राचं भांडण झालं. पेत्र बिगर-ज्यू अनुयायांबरोबर एका पंगतीला बसायचा. जेरुसलेमहून याकोबाकडची माणसं आली आणि तो उठून बाजूला बसायला लागला. पौलाने त्याला चारचौघांत सुनावलं. पंगतीत कोण कोणाशेजारी बसतं यावर काय काय अवलंबून असतं, हे आपल्याकडच्या वाचकाला समजावून सांगायला नको. पण लक्षात घ्या, हे भांडण ज्यू विरुद्ध ख्रिस्ती असं नव्हतंच, भांडणारे दोघेही ज्यू होते.

दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला याच शहराचा बिशप इग्नेशियस 'ख्रिस्तीपण' हा शब्द 'ज्यूपणा'च्या विरोधात उभा करतो. आपल्याला उपलब्ध असलेल्या लेखनात हा शब्द इथे पहिल्यांदा दिसतो. वाटतं, झाली फूट! मीही प्रकरण इथेच संपवणार होते.

पण पुढे ३८६ साल येतं. अंत्युखियात योहान नावाचा एक पाद्री आहे. त्याच्या वक्तृत्वामुळे लोकांनी पुढे त्याला 'ख्रिसोस्तोम', म्हणजे सोनमुखी, म्हटलं. तो ख्रिस्ती पंथातल्याच दुसऱ्या एका गटाविरुद्ध प्रवचनमाला देत असतो. ती तो मध्येच थांबवतो, कारण ज्यूंचे शरद ऋतूतले सण तोंडावर आलेत: कर्ण्यांचा सण, उपास, मांडवांचा सण. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी मिळून तो आठ प्रवचनं देतो. ती 'ज्यूंविरुद्ध' या नावाने ओळखली जातात.

भाषा भयंकर आहे. मी पहिल्यांदा वाचली तेव्हा टिपणवहीत लिहिलं: 'चौथ्या शतकात दोन्ही समाजांत संपूर्ण वैर.' ही माझी चूक होती, आणि ती तुम्ही करू नये म्हणून तर हे लिहिते आहे. प्रवचन ज्यूंसमोर झालेलं नाही. समोर बसलेत ते ख्रिस्ती लोक, आणि बोलणाऱ्याची तक्रार त्यांच्याचबद्दल आहे. ते सभास्थानात जातात, कर्णे ऐकतात, ज्यूंबरोबर उपास धरतात, आजारी पडले की ज्यू वैद्यांकडे औषध-मंत्रासाठी धावतात, दाफ्ने उपनगरातल्या ज्यूंच्या पवित्र स्थळी रात्र काढतात. यात त्यांना काही वावगं वाटत नाही. वैर असतं तर इतकं ओरडावं लागलं नसतं. शिवाय त्या काळच्या वक्तृत्वशिक्षणात 'निंदा' हा रीतसर शिकवला जाणारा प्रकार होता. त्यामुळे विशेषणांवरून ज्यूंचं वर्णन काढू नका, तक्रारींवरून श्रोत्यांचं वागणं काढा.

बंदीचे नियमही असेच वाचावे लागतात. चौथ्या शतकातल्याच लाओदिकेयाच्या परिषदेने ख्रिस्ती लोकांना शब्बाथला काम बंद ठेवायला आणि ज्यूंकडून बेखमीर भाकरी घ्यायला मनाई केली. म्हणजे भाकरी शेजाऱ्याच्या घरातून येत होती. आणि जेरोम ऑगस्टीनला लिहितो त्या पत्रात असे लोक भेटतात ज्यांना ज्यूही राहायचंय आणि ख्रिस्तीही. जेरोमच्या मते ते दोन्ही नव्हेत. त्यांच्या स्वतःच्या मते? ते पत्र आपल्याकडे नाही.

इथे एक सावधगिरी मात्र हवी. 'शेजारी गोडीगुलाबीने राहत होते, पाद्री उगाच ओरडत होते' असं लिहायचा मोह होतो. मलाही झाला. पण ३८८ मध्ये, म्हणजे या प्रवचनांनंतर दोनच वर्षांनी, युफ्रेटिसकाठच्या कॅलिनिकममध्ये ख्रिस्ती जमावाने सभास्थान जाळलं. सम्राट थिओडोसियसने ते पुन्हा बांधून देण्याचा हुकूम काढला, आणि मिलानचा बिशप अँब्रोज याने सम्राटाला तो मागे घ्यायला लावला. सत्ता कोणाकडे झुकली होती ते दिसतंच. योहानाची प्रवचनं तर पुढे शतकानुशतकं ज्यूद्वेषासाठी उद्धृत होत राहिली, विसाव्या शतकात नाझींच्या प्रचारातही. आपल्याच श्रोत्यांना घरी आणण्यासाठी वापरलेले शब्द त्या श्रोत्यांपासून सुटे झाले, आणि वाचणाऱ्यांनी ते सरळ वर्णन म्हणून वाचले. माझ्या टिपणवहीतल्या ओळीची मला लाज वाटते ती यासाठी.

माझ्या प्रबंधाचा प्रश्न आता असा आहे: अंत्युखियात कोणाला सीमा हवी होती, आणि कोण ती रोज ओलांडत होतं? पहिल्या प्रवचनातच एक प्रसंग आहे. स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारा एक माणूस एका ख्रिस्ती स्त्रीला जबरदस्तीने सभास्थानाकडे नेतोय. दोघांत कसला तरी वाद आहे आणि तिने तिथे शपथ घ्यावी असं त्याला वाटतं. ती मदत मागते, योहान तिला सोडवतो आणि त्या माणसाला जाब विचारतो: चर्च सोडून तिथेच का? तो म्हणतो, तिथली शपथ जास्त भयंकर असते असं पुष्कळांनी सांगितलंय.

हा 'पुष्कळांनी' मी अधोरेखित करून ठेवलाय. ती स्त्री कोण, वाद कशाचा, आणि सभास्थानातली शपथ तिलाही तितकीच भयंकर वाटत होती का, हे योहान सांगत नाही. दुसरं प्रकरण मी तिच्यापासून सुरू करते आहे.