डीव्हीडीच्या जागेवर दुसरी डिस्क

राजारामपुरीत पत्ता सांगायला गल्लीचा नंबर पुरतो. मी १९९६ साली या धंद्यात आलो तेव्हा संगणकातल्या डिस्कचंही तसंच होतं. एका चपट्या केबलवर दोन डिस्क बसायच्या आणि पहिली कोण, दुसरी कोण, हे तूरडाळीएवढ्या जंपरवर ठरायचं. एक मास्टर, एक स्लेव्ह. दोन्हींचे जंपर सारखे लागले की एकाच नंबरची दोन घरं आणि गोंधळलेला पोस्टमन.

गिऱ्हाईक बहुतेक शेजारच्या उद्यमनगरातलं. बोअरिंग करून, लायनर बदलून तेच इंजिन वर्षानुवर्षं चालवणारी ही माणसं संगणक जुना झाला म्हणून टाकतील होय? “पोरा, मशीन चालतंय न्हवं? मग ह्यातच अजून एक बसीव की.” जुन्या बायोसला ५२८ एमबीच्या पुढचं दिसायचं नाही. मग डिस्कबरोबरच्या फ्लॉपीतलं सॉफ्टवेअर घालून त्याला गंडवायचं.

लॅपटॉप आले आणि ही चैन संपली. आत अडीच इंची डिस्कला जागा एकच. २०११ साली थायलंडमध्ये पूर आला, तिथले कारखाने बुडाले आणि इथं हार्ड डिस्कचे भाव भडकले. पंचगंगेचं पाणी मोजणाऱ्या आम्हाला आपल्या डिस्क कुठून येतात ते तेव्हा कळलं. पुढं एसएसडी आवाक्यात आल्या. गिऱ्हाइकाला तिचा वेग हवा आणि जुन्या डिस्कवरचं सगळं जिथल्या तिथंही हवं.

जागा मोकळी करून दिली ती डीव्हीडी ड्राइव्हनं. तिच्यात कोणी काही घालेनासं झालंच होतं. बहुतेक मशीनला खालचा एक स्क्रू काढला की ती बाजूनं सरकत बाहेर येते. तिच्याच मापाची कॅडी मिळते, १२.७ किंवा ९.५ मिलिमीटर जाडीची. या ३.२ मिलिमीटरांच्या फरकानं सुरुवातीला मला बऱ्याच फेऱ्या मारायला लावल्या. डिस्क कॅडीत बसवायची, जुन्या ड्राइव्हची पुढची पट्टी काढून कॅडीला लावायची. बाहेरून बदल कळतही नाही.

एसएसडी मूळ जागी की कॅडीत, यावर आमच्यात वाद आहेत. मी ती मूळ जागी लावतो आणि जुनी डिस्क कॅडीत ढकलतो. काही मशीनमध्ये डीव्हीडीची वाट ३ गिगाबिटची असते, मूळ जागेची ६ ची. विरुद्ध बाजूही खोटी नाही: मूळ जागेला बऱ्याचदा रबराचा आधार असतो आणि त्याची खरी गरज फिरणाऱ्या डिस्कला. तिचं हेड चकतीपासून काही नॅनोमीटरवर तरंगतं. गणेश चतुर्थीला आमच्या रस्त्यावरून आगमनाची मिरवणूक जाते, डॉल्बीनं शटर थरथरतं. त्या संध्याकाळी मी फिरत्या डिस्कवरून कॉपी लावतच नाही.

एक चूक मात्र डॉल्बीच्या माथी मारता येत नाही. एका फोटोग्राफरच्या लॅपटॉपात जुनी डिस्क ५०० जीबीची, नवी एसएसडीही ५०० ची. विंडोज टाकताना पडद्यावर डिस्क ०, डिस्क १ एवढंच. मी घाईत नको ती पुसली. दोन रात्री बसून बरेच फोटो परत आणले, पण एका लग्नातली हळद गेली ती गेलीच. त्यानं पैसे दिले, मी घेतले नाहीत. तेव्हापासून विंडोज टाकताना दुसरी डिस्क काढून टेबलावर ठेवतो, गिऱ्हाईक कितीही घाईत असो.

नव्या पातळ लॅपटॉपात डीव्हीडीच नाही. काहींत दुसरा एम.२ स्लॉट असतो, काहींत तर डिस्कच बोर्डवर डाग देऊन बसवलेली. तिथं माझा पाना खिशातच राहतो. कॅडीची कामं अजून येतात ती जुन्या मशीनची. आणणार असाल तर काढून ठेवलेली डीव्हीडी ड्राइव्हही घेऊन या. पुढची पट्टी सुटी सहजासहजी मिळत नाही.