क्योटो : बहराची तारीख आणि सहलीची तारीख

जपानला जायचे तर चेरीच्या बहरातच, असा अनेक मराठी पर्यटकांचा आग्रह असतो. समूह सहलीच्या कार्यक्रमात त्यातले दोन-तीन दिवस क्योटोसाठी राखलेले असतात. विमानाची तिकिटे, व्हिसा, हॉटेले यांमुळे सहलीच्या तारखा काही महिने आधीच निश्चित कराव्या लागतात. त्या वेळी चेरीच्या कळ्या मात्र झाडावर निद्रिस्त असतात. त्या केव्हा उमलणार, हे हवामान ठरवते. सहलीचे वेळापत्रक नव्हे. म्हणूनच मोठी बचत खर्चून निघालेल्या पर्यटकाने हा बहर कसा येतो आणि या शहरात तो कुठे पाहावा, हे आधीच समजून घेतलेले बरे.

बाराशे वर्षांची नोंद

क्योटो इ.स. ७९४ मध्ये जपानची राजधानी झाले आणि हजारांहून अधिक वर्षे सम्राटांचे वास्तव्य येथेच होते. दरबारी मंडळींच्या रोजनिशींत चेरीच्या उत्सवांचे उल्लेख आढळतात. यासुयुकी आओनो या जपानी संशोधकाने अशा जुन्या कागदपत्रांतून पूर्ण बहराच्या तारखा गोळा केल्या. त्यांतील सर्वात जुनी नोंद इ.स. ८१२ची आहे. कित्येक शतके हा बहर साधारणपणे एप्रिलच्या मध्याच्या आसपास येत असे. २०२१मध्ये तो २६ मार्चलाच आला. त्यापूर्वीची सर्वात लवकरची नोंद १४०९मधील २७ मार्चची होती. जगाचे वाढते तापमान आणि शहरातील काँक्रीटची उष्णता, ही दोन्ही कारणे यामागे आहेत.

या जुन्या नोंदी डोंगरी चेरीच्या, म्हणजे यामाझाकुराच्या आहेत. आज शहरात सर्वाधिक दिसणारी जात सोमेई योशिनो ही आहे. १९९१ ते २०२० या काळाच्या सरासरीनुसार क्योटोत तिची पहिली फुले २६ मार्चच्या सुमारास उमलतात आणि ४ एप्रिलच्या सुमारास पूर्ण बहर येतो. त्यानंतर आठवडाभरात पाकळ्या गळू लागतात. पाऊस-वारा आला, तर त्याहूनही लवकर.

सारी झाडे एकदम का फुलतात?

सोमेई योशिनोची झाडे बियांपासून नव्हे, तर कलमे करून वाढवली जातात. त्यामुळे ती जनुकीयदृष्ट्या एकमेकांची प्रतिरूपेच असतात आणि समान हवामानात एकाच वेळी फुलतात. त्यांच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यात तयार होतात, हिवाळ्याच्या थंडीने त्यांची झोप मोडते आणि मार्चच्या उबेने त्या उमलतात. एका आठवड्यात अवघे शहर गुलाबी-पांढरे होण्याचे रहस्य हे आहे. तो आठवडा हुकला की सगळी झाडे एकदमच हुकतात, हा त्याचा दुसरा अर्थ!

तारीख चुकली तरी

सुदैवाने क्योटोत चेरीच्या अनेक जाती आहेत. सहल लवकर पोहोचली, तर जुन्या राजवाड्याभोवतीच्या उद्यानात कोनोए घराण्याच्या जागेवरील झुकत्या फांद्यांची चेरी मार्चच्या उत्तरार्धातच फुललेली आढळते. उशीर झाला, तर निन्नाजी मंदिर गाठावे. इ.स. ८८८मध्ये स्थापन झालेल्या या मंदिरातील ओमुरो चेरीची झाडे बुटकी असून फुले जवळपास डोळ्यांच्या पातळीवर येतात. त्यांचा बहर साधारणपणे एप्रिलच्या मध्यावर असतो.

नेमका बहर साधला असेल, तर शहराच्या पूर्वेकडील पट्टा चुकवू नये. कियोमिझुदेरा मंदिराचे सध्याचे मुख्य सभागृह १६३३मधले आहे. सुमारे १३ मीटर उंचीच्या त्याच्या लाकडी सज्जातून खालचा फुलोरा दिसतो. मंदिर सकाळी सहाला उघडते. बसेस येण्यापूर्वीचा तो एक तास दुपारच्या तीन तासांहून मोलाचा ठरतो. मारुयामा उद्यानातील झुकत्या चेरीवर संध्याकाळी प्रकाशझोत सोडलेले असतात. सध्याचे झाड हे १९४७मध्ये वठलेल्या मूळ झाडाचे वंशज आहे.

तेथून उत्तरेकडे केआगे येथे जुन्या रुळांच्या दोन्ही बाजूंना चेरीची रांग आहे. बिवा सरोवराचे पाणी आणणारा कालवा १८९०मध्ये पूर्ण झाला. येथील ५८२ मीटरच्या उतारावर नौका गाड्यांवर चढवून या रुळांवरून नेत असत. याच पाण्यावर १८९१मध्ये जलविद्युत केंद्र सुरू झाले. राजधानीचा मान गेल्यावर खचलेल्या शहराने स्वतःला पुन्हा उभे केले, त्याची ही खूण. पुढे कालव्याच्या एका शाखेलगत सुमारे दोन किलोमीटरची ‘तत्त्वज्ञाची वाट’ आहे. तत्त्वज्ञ निशिदा कितारो येथे चिंतन करत फिरत, म्हणून हे नाव.

आग्नेयेकडील दायगोजी मंदिराला इतिहासाची किनार आहे. जपानचा सत्ताधीश टोयोटोमी हिदेयोशी याने १५९८च्या वसंतात येथे फुले पाहण्याचा भव्य सोहळा केला आणि त्याच वर्षी त्याचे निधन झाले.

पाहुण्यांचे भान

जपानी लोक फुले पाहण्याच्या या प्रथेला ‘हानामी’ म्हणतात. छायाचित्रासाठी फांदी ओढणे वा झाड हलवणे हे येथे अत्यंत असभ्य समजले जाते. रस्त्यांवर कचराकुंड्या फारशा नसतात; आपला कचरा आपल्याच पिशवीत ठेवावा. गिओन या गेइशांच्या वस्तीत पर्यटकांच्या त्रासामुळे २०२४मध्ये काही खासगी गल्ल्या पर्यटकांसाठी बंद करण्यात आल्या. गेइशा दिसल्यास पाठलाग करू नये. त्यांची कला पाहायची असेल, तर १८७२पासूनची परंपरा असलेला ‘मियाको ओदोरी’ हा नृत्यप्रयोग एप्रिलमध्ये होतो.

शाकाहारी मंडळींनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. भाजीच्या सूपमध्येही बहुधा वाळवलेल्या माशांचा अर्क, म्हणजे ‘दाशी’ असतो. बौद्ध मठांतील ‘शोजिन र्‍योरी’ हे भोजन मात्र परंपरेने पूर्ण शाकाहारी असते. त्याची चौकशी सहल व्यवस्थापकाकडे आधीच करावी.

नोंदणी करताना कार्यक्रमात एक मोकळी सकाळ आहे का, हेही विचारावे. बहर कुठे आहे ते पाहून ठिकाण बदलण्याची मुभा तेवढ्यानेच मिळते. आणि सगळेच हुकले, पाकळ्या गळून गेल्या, तरी तत्त्वज्ञाच्या वाटेवर जावे. कालव्याच्या संथ पाण्यावर पाकळ्यांची दाट साय तरंगत असते. जपानी भाषेत तिला ‘हाना-इकादा’, म्हणजे फुलांचा तराफा म्हणतात. अनेक क्योटोकर खास तो पाहण्यासाठी येतात.