लॅबची किल्ली

आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये चपला बाहेर काढून जावं लागायचं. एका पीसीवर तिघं बसायचो: एक टाइप करणार, दोघं मागून बघणार. तास संपला की कुलूप. माझ्या जर्नलात हातानं लिहिलेले सी प्रोग्रॅम अजून घरी माळ्यावर पडलेत. त्यातले निम्मे मी कधी चालवलेच नव्हते. त्याच काळात आई एकदा म्हणाली, "मला पण शिकव की कॉम्प्युटर." मी म्हणालो, "तुला काय करायचंय?"

हे आठवलं ते ऑफिसच्या ग्रुपवर आलेल्या एका फॉरवर्डमुळे. 'बेसिक ही भाषा एका ननने बनवली.' खोटं आहे. बेसिक बनवली जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ यांनी, डार्टमथ कॉलेजात, १९६४ साली. पण फॉरवर्डमधली नन खरी होती, आणि तिची खरी गोष्ट जास्त भारी आहे.

सिस्टर मेरी केनेथ केलर. जन्म १९१३, क्लीव्हलंड. १९३२ मध्ये कॉन्व्हेंटमध्ये गेल्या, पुढे शिकागोच्या डीपॉल युनिव्हर्सिटीतून गणितात बीएस आणि एमएस केलं. जून १९६५ मध्ये विस्कॉन्सिन युनिव्हर्सिटीतून कॉम्प्युटर सायन्सची पीएचडी मिळाली, तेव्हा त्या ५१ वर्षांच्या होत्या. अमेरिकेत या विषयातली डॉक्टरेट मिळवणारी ही पहिली बाई. (आमच्या क्षेत्रात पस्तिशीतच लोक 'आता मॅनेजमेंटकडे वळावं' म्हणतात.)

इतकी डिग्री घेऊन त्या गेल्या कुठे? आयोवा राज्यातल्या डब्यूकला, मिसिसिपी नदीकाठच्या गावात. तिथे त्यांच्याच संघाचं क्लार्क कॉलेज होतं. लहानसं, फक्त मुलींचं. तिथे त्यांनी १९६५ मध्येच कॉम्प्युटर सायन्सचा विभाग सुरू केला. स्टॅनफर्डचा विभागही त्याच वर्षीचा आहे.

त्या काळातलं यंत्र डोळ्यांसमोर आणा. खोलीभर कपाटं. कार्डांना भोकं पाडून प्रोग्रॅम लिहायचा, गठ्ठा खिडकीतून ऑपरेटरकडे द्यायचा आणि निकालाची वाट बघायची. एक स्वल्पविराम चुकला की परत रांगेत. यंत्र महाग, म्हणून ते राखायला माणसं, आणि त्या माणसांची मर्जी. डार्टमथनं ही रांग मोडली. एकच यंत्र डोळ्याचं पातं लवेपर्यंत याचं थोडं काम करी, मग त्याचं, आणि टर्मिनलवर बसलेल्या प्रत्येकाला वाटे की ते आपलंच आहे. त्या सिस्टिमचा बराच भाग पदवीच्या पोरांनी लिहिला. लायब्ररीत पुस्तक मागताना कारण सांगावं लागत नाही, तसाच कॉम्प्युटर कुणालाही मिळावा, हा केमेनींचा आग्रह. फक्त हे 'कुणीही' म्हणजे मुलगे. मुलींना डार्टमथमध्ये पदवीसाठी प्रवेश मिळाला १९७२ मध्ये.

केलर काही काळ डार्टमथलाही शिकल्या होत्या. क्लार्कमध्ये त्यांनी दार आणखी उघडलं. शिकायची इच्छा असलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न झालेल्या बायकांनी यावं म्हणून त्या झटल्या, आणि तान्ही बाळं असलेल्या आयांना म्हणाल्या, बाळाला घेऊनच वर्गात या. साठच्या दशकात! शिक्षकांना शिकवण्यात कॉम्प्युटर वापरता यावा म्हणून खास मास्टर्स कोर्सही काढला. माहितीचा पूर येतोय, पण ती लोकांच्या हाताशी नसेल तर तिचा उपयोग नाही, असं त्यांचं म्हणणं असे. छोट्या कॉलेजांना मोठी यंत्रं परवडत नव्हती. म्हणून लहान कॉम्प्युटरांवर शिकवणाऱ्यांची एक संघटना उभी राहिली, तिच्या उभारणीतही त्या होत्या.

सुमारे २० वर्षं त्यांनी तो विभाग चालवला. १९८५ च्या जानेवारीत गेल्या. क्लार्कमध्ये मुलगे यायला लागले १९७९ पासून, आणि नावात 'युनिव्हर्सिटी' आली २०१० मध्ये. तिथल्या कॉम्प्युटर सेंटरला केलरांचं नाव आहे. बेसिकचं श्रेय त्यांच्या नावावर चिकटवणाऱ्यांना हे सगळं पुरेसं का वाटत नाही, कोण जाणे.

रविवारी फोनवर आईला हे सांगितलं. डिग्री, संघटना वगैरे तिनं 'हं हं' करत ऐकलं. बाळांचं आलं तशी थांबली.

"आणि वर्गात रडलं की कोण घ्यायचं गं त्याला? ती नन?"